१०४ सामने कोण बघणार? फुटबॉल विश्वचषकाचे तुमचे बेत सांगा

अर्धविराम (धागाकर्ता)

२०२६चा फुटबॉल विश्वचषक ११ जूनला मेक्सिको सिटीत सुरू होतोय, १९ जुलैला न्यू जर्सीत संपेल. संघ ३२चे ४८ झाले, सामने ६४चे १०४. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून १६ शहरं. एका सामन्याला दोन तास धरले तरी हिशेब दोनशे तासांच्या वर जातो. नोकरी, झोप आणि घरच्यांशी बोलणं चालू ठेवायचं असेल तर यातलं बरंचसं आपल्याला दिसणारच नाही, हे आधीच मान्य करून टाकलेलं बरं.

मग जे दिसणार नाही ते कसं गाठायचं? मी पेपरवाला माणूस आहे, म्हणजे वाचणारा. माझा बेत असा की साखळीतले मोजके सामने बघायचे आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी वाचायचे, तेही सावकाश. बघताना आपले डोळे चेंडूवर खिळलेले असतात. गोल उजवीकडून झाला, पण त्याआधी दहा मिनिटं डावा बचावपटू एकटा पडत होता, हे दुसऱ्या दिवशी एखादा चांगला वार्ताहर सांगतो तेव्हा कळतं. शिवाय वाचणाऱ्याला एका बैठकीत चार सामने उरकता येतात. बघणारा दोनातच गळपटतो.

कोणता पेपर, कोणती पानं, भिंतीवर तक्ता लावणार का, निकाल आधी कळू नये म्हणून काय करणार, सगळं येऊ द्या. ‘टीव्हीवर बघणार, त्यात काय’ असं उत्तरही चालेल, पण मग किती बघणार ते लिहा.

जादा_वेळ

टीव्हीवर बघणार, त्यात काय. किती? जमतील तितके. :)

आता जरा गंभीरपणे. वाचून जास्त कळतं हे मला अजिबात पटत नाही. २०२२चा अंतिम सामना घ्या. ७९व्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना २-० पुढे, फ्रान्सचा संघ मैदानात आहे की नाही अशी शंका यावी, आणि मग दोन मिनिटांच्या आत एम्बाप्पेचे दोन गोल. पुढे ३-३, पेनल्टीवर ४-२. सकाळी वाचणाऱ्याला आकडे कळले. त्या दोन मिनिटांत छातीत जे झालं ते कुठल्या पेपरने छापलं?

अर्धविराम

जादा_वेळ, अंतिम सामना बघायचाच हो, त्यावर वाद नाही. मी ११ ते २७ जूनबद्दल बोलतोय. १७ दिवसांत साखळीचे ७२ सामने, मध्ये एकही सुट्टी नाही. त्यातले किती तुम्ही ‘छातीत काहीतरी होत’ बघाल?

निद्रानाश

वाचतोय. माझा तिसराच मार्ग. मिनिटागणिक लेखी समालोचन.

‘द गार्डियन’सारख्या पेपरांच्या संकेतस्थळावर हे वर्षानुवर्षं चालतं आणि मी त्याच्या आहारी गेलेला माणूस आहे. एक जण बसून दर दोन मिनिटांनी चार ओळी लिहितो. कंटाळवाणा सामना असेल तर लिहिणारा भरकटतो, वाचकांची पत्रं टाकतो, जुने किस्से काढतो आणि मग एकदम मोठ्या अक्षरांत ‘गोल!’ येतं. वाईट सामना चांगला करून दाखवायची ताकद टीव्हीत नाही, या लिखाणात आहे. कामाच्या वेळेत सामना असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात गुपचूप उघडं ठेवता येतं, हा अजून एक फायदा.

या वेळी एक सोय झाली आहे. प्रत्येक अर्धात तीन मिनिटांचा पाण्यासाठी विराम आहे, ऊन असो वा नसो, छत असलेल्या स्टेडियममध्येसुद्धा. साधारण २२व्या मिनिटाला. म्हणजे सामन्याचे चार तुकडे पडले. बघणाऱ्यांना त्याचा जाच वाटेल. वाचणाऱ्याला मात्र तिथे थांबून ‘आतापर्यंत काय झालं’ एवढा परिच्छेद नक्की मिळणार. मी तर फक्त तेवढेच वाचायचे ठरवतोय: २२, मध्यंतर, ६७, शेवट.

गुपचूप

माझं उलट. मला सामना नंतर बघायचाय, पण निकाल न कळता. त्यामुळे पेपर हा माझा शत्रू. फोनवरच्या सगळ्या सूचना बंद, ऑफिसातल्या दोघांना दम दिलेला, आणि रेकॉर्डिंग लावताना त्याची एकूण लांबीसुद्धा झाकायची. बाद फेरीत फाइल तीन तासांची दिसली की पेनल्टी शूटआउट आहे हे कळतंच.

कुणी यावर उपाय काढला असेल तर सांगा.

जादा_वेळ

गुपचूप, उपाय सोपा आहे. सगळ्याच सामन्यांना चार तासांचं रेकॉर्डिंग लावा. उरलेला वेळ काहीही असो.

डाक_आवृत्ती

काही वर्षं क्रीडापानावर काढली आहेत, म्हणून अर्धविरामांच्या बेताला थोडी पुरवणी जोडतो.

रात्रीच्या सामन्याची बातमी शिट्टी वाजल्यावर लिहायला घेत नाहीत. मध्यंतराला पहिल्या अर्धाचं वर्णन डेस्कवर पोचलेलं असतं. सत्तर-पंचाहत्तराव्या मिनिटाला दुसरा हप्ता येतो. शेवटची शिट्टी वाजली की वरचे दोन परिच्छेद आणि मथळा, बस्स, पान सुटलं. म्हणून लवकरच्या आवृत्तीतला वृत्तांत वर नाट्यमय आणि खाली सपाट लागतो. खालचा मजकूर लिहिताना वार्ताहराला निकाल माहीतच नव्हता. पंचाहत्तर मिनिटं एक संघ जिंकतोय असं धरून लिहिलेलं असतं आणि ८८व्या मिनिटाला बरोबरी होते, तेव्हा डेस्कवर जी भाषा ऐकू येते ती इथे संपादक उडवतील.

तासाभराने तोच माणूस प्रशिक्षकांची पत्रकार परिषद आटोपून येतो आणि सगळं पुन्हा लिहितो. वाचायचा तो. छापीलच हवं असेल तर शेवटची आवृत्ती मिळवा, नाहीतर संकेतस्थळावर सकाळी जे असेल ते. एकाच सामन्याचे हे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचले तर पेपर कसा चालतो तेही कळतं आणि सामनाही.

आता या स्पर्धेची अडचण. पश्चिम किनाऱ्यावर काही सामने तिथल्या रात्री ९ला सुरू होतात. न्यूयॉर्कला तेव्हा मध्यरात्र. म्हणजे यजमान देशातल्याच पूर्वेकडच्या छापील पेपरांत सकाळी तो निकाल नसणार! तुमचं घड्याळ जगात कुठेही असो, रोजचा एखाददुसरा सामना छापील पानातून निसटेल. निसटलेला परवाच्या अंकात येतो, पण चार ओळींत, कारण तोवर नवे चार सामने झालेले असतात. तेव्हा आवडता संघ निवडताना त्याच्या सामन्यांच्या वेळा आपल्या पेपरच्या वेळेत बसतात का हे बघा. कोरडा सल्ला आहे, पण उपयोगी.

अवांतर: छापायची घाई म्हटलं की १९५० आठवतं. रिओत शेवटचा सामना, ब्राझीलला बरोबरीही पुरली असती. ‘ओ मुंदो’ या पेपरने सामन्याआधीच ब्राझीलच्या संघाचा फोटो जगज्जेते म्हणून छापून टाकला. उरुग्वेने सामना २-१ जिंकला. उरुग्वेचा कप्तान वारेला याने त्या अंकाच्या प्रती विकत आणून स्नानगृहात पसरल्या आणि सहकाऱ्यांना बोलावलं असं सांगतात. पुढचं तुम्ही समजून घ्या.

कात्रणं

डाक_आवृत्ती, दंडवत! ‘खाली सपाट’ हे इतकी वर्षं जाणवत होतं, कारण आज कळलं.

मी १९८६पासून कात्रणं ठेवते. माझी पद्धत सांगते, कुणाला उपयोगी पडली तर बघा. मोठा सामना झाला की मी हरलेल्या देशाचा पेपर वाचते. जिंकलेल्यांकडे सगळीकडे सारखंच असतं: आनंद, फोटो, कप्तानाचं कौतुक. हरलेल्यांचा पेपर मात्र सामना खरोखर उलगडतो, कारण त्यांना दोष कुणाला द्यायचा हे ठरवायचं असतं. २०२२मध्ये अर्जेंटिना पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून १-२ हरली, ते पुढे चषक जिंकणार हे कुणाच्या गावीही नव्हतं. त्या दिवसाचं लिखाण आज वाचायला फार मजा येते. भाषा येत नसली तरी आता फोनवर भाषांतर होतं. ते ओबडधोबड असतं, पण राग नीट पोचतो.

दुसरं म्हणजे खेळाडूंना दिलेले गुण. इटलीचा गुलाबी कागदावरचा ‘गझेटा देल्लो स्पोर्ट’ आणि फ्रान्सचा ‘लेकिप’ दहापैकी देतात. ‘लेकिप’कडून दहा मिळणं म्हणजे दुर्मीळ घटना, बातमीच होते त्याची. जर्मनीचं ‘किकर’ शाळेसारखे १ ते ६ देतं आणि तिथे १ म्हणजे सर्वोत्तम. ‘किकर’मध्ये एखाद्याला ५ दिसले तर खूश होऊ नका, बिचारा फार वाईट खेळला असतो. मी एकाच सामन्याचे दोन देशांतले गुण शेजारी लिहून ठेवते. गोलरक्षकाबद्दल कधीच एकमत होत नाही.

नवखा_११

मी पहिल्यांदाच मन लावून बघणार/वाचणार आहे. दोन शंका. एक, गटात तिसरा आलेला संघपण पुढे जातो म्हणे, ते कसं? दोन, ४८ संघांतून कुणाला धरू?

कट्टर_तटस्थ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कुरासाओ. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, विश्वचषकात पोचलेला आजवरचा सर्वांत छोटा देश. आधी हा मान आइसलंडचा होता, २०१८चा. जमैकात जाऊन ०-० बरोबरी साधली आणि आत. पहिलाच सामना १४ जूनला ह्यूस्टनमध्ये जर्मनीशी!

तो नको असेल तर केप व्हर्दे. पात्रता फेरीत कॅमेरूनच्या गटात पहिले आले. त्यांचा पहिला सामना स्पेनशी, अटलांटात. उझबेकिस्तान आणि जॉर्डनही पहिल्यांदाच. या चारांपैकी एक धरा. छोटा संघ धरण्याचा वाचकाला असा फायदा की त्यांच्यावर स्पर्धेआधी जे लेख येतात ते खरोखर माहिती देतात. ब्राझीलवर नवं लिहायचं कोण काय लिहिणार?

टार्टन

माझं स्कॉटलंड! १९९८नंतर पहिल्यांदा. पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात डेन्मार्कला ४-२, त्यात मॅकटॉमिनेची ती ओव्हरहेड किक आणि शेवटी मॅकलीनने मध्यरेषेजवळून मारलेला गोल. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी आधी तो बघा, मग इथे या.

आठ विश्वचषक खेळले, एकदाही पहिली फेरी ओलांडली नाही. १९७४ला तर एकही सामना न हरता घरी आले. आणि ड्रॉ (गटांची सोडत) बघा: ब्राझील, मोरोक्को, हैती. १९९८लाही ब्राझील आणि मोरोक्को याच गटात होते. या वेळी तिसरं आलं तरी चालेल म्हणतात. गोलफरक, तुम्ही कुठे आहात? नवखा_११ना समजावा आणि मलाही धीर द्या.

गोलफरक

आलो. धीर देता येईल की नाही माहीत नाही, गणित देतो.

१२ गट, प्रत्येकी ४ संघ. पहिले दोन थेट पुढे, ते २४. उरलेल्या ८ जागा बाराही गटांत तिसरे आलेल्यांपैकी सर्वोत्तम आठांना. आधी गुण, मग गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल), मग केलेले गोल. म्हणजे तिसऱ्या आलेल्या दर तिघांतले दोघं तरतात. २४ संघांच्या जुन्या स्पर्धांत सहांतले चार तरायचे, प्रमाण तेच. त्यामुळे जुना अनुभव इथे कामाला येतो. १९८६ला उरुग्वे आणि बल्गेरिया एकही सामना न जिंकता बाद फेरीत गेले. १९९०ला अर्जेंटिना आणि १९९४ला इटली गटात तिसरे आले आणि अंतिम सामना खेळले. २०१६च्या युरोत (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत) पोर्तुगालने साखळीतले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, गटात तिसरा आला आणि चषक घेऊन गेला.

टार्टन, चार गुण झाले की निर्धास्त झोपा. तीन गुणांवर असाल तर झोप विसरा. साखळीचे शेवटचे सामने २४ ते २७ जून असे चार दिवस चालतात, रोज तीन गट. तुमचा ‘सी’ गट पहिल्याच दिवशी, २४ला संपतो. ब्राझीलशी मायामीत खेळून झालं की २७च्या रात्रीपर्यंत हॉटेलात बसून दुसऱ्यांचे निकाल मोजायचे. २०१६च्या युरोत अल्बेनिया असाच तीन गुण घेऊन तीन दिवस थांबला आणि शेवटी बाहेर गेला.

म्हणून माझ्या भिंतीवर बारा गटांचा तक्ता दुय्यम आहे. मुख्य आहे तो तिसऱ्यांच्या यादीचा कागद. पेपरात छापून येणारे तक्ते सुंदर असतात, पण त्यात ही यादी कोपऱ्यात चिकटवलेली असते किंवा नसतेच. त्यांचाही दोष नाही. कोणता तिसरा कुणाशी खेळणार हे कोणते आठ गट तरले त्यावर ठरतं आणि बारांतून आठ निवडण्याचे ४९५ प्रकार आहेत. फिफाच्या नियमावलीत त्याची लांबलचक सारणी आहे. कुठलाही पेपर ती छापणार नाही.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यांत जास्त बघायची आहे ती. १९८२, स्पेन. अल्जेरियाने पश्चिम जर्मनीला २-१ हरवून खळबळ उडवली. आपला शेवटचा सामनाही ते जिंकले, पण तो एक दिवस आधी होता. दुसऱ्या दिवशी गिहोनमध्ये पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया मैदानात उतरले ते काय पुरेल हे माहीत असूनच. जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकली तर दोघंही पुढे, अल्जेरिया बाहेर. सुरुवातीलाच हृबेशने गोल केला आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. गिहोनच्या ‘एल कोमेर्सिओ’ या पेपरने सामन्याचा वृत्तांत गुन्हेगारीच्या पानावर छापला. या कांडानंतर, १९८६पासून, गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू करायची पद्धत आली.

आता या वेळचा ‘जे’ गट बघा (इंग्रजी अक्षरांनी दहावा): अर्जेंटिना, अल्जेरिया, ऑस्ट्रिया, जॉर्डन. शेवटच्या दिवशी, २७ जूनला कॅन्सस सिटीत अल्जेरिया वि. ऑस्ट्रिया. त्याच वेळी डॅलसला जॉर्डन वि. अर्जेंटिना, म्हणजे गटापुरता नियम पाळला. पण तिसऱ्यांची यादी तोपर्यंत जवळजवळ भरलेली असेल! २४, २५, २६ला खेळलेल्या संघांना जे माहीत नव्हतं ते या दोघांना माहीत असेल: किती गुण पुरतात आणि किती गोलफरक. बरोबरी दोघांनाही चालणारी असेल तर? १९८२चं दार गटाच्या आत बंद केलं आणि गटांच्या मध्ये उघडं राहिलं. मी त्या दिवशी दोन पडदे लावणार आणि दुसऱ्या दिवशी अल्जीअर्स आणि व्हिएन्नाचे पेपर कात्रणंताईंच्या पद्धतीने वाचणार.

टार्टन

धीराबद्दल धन्यवाद म्हणावं की नाही कळत नाही.

नवखा_११

गोलफरक, एवढं कुणी समजावलं नव्हतं. वाचनखूण साठवली. पण गुण, गोलफरक, केलेले गोल, सगळंच सारखं निघालं तर?

गोलफरक

मग शिस्त, म्हणजे कार्डं. हे फक्त कागदावरचं नाही. २०१८ला जपान आणि सेनेगल सगळ्या बाबतींत बरोबरीत होते आणि जपान दोन पिवळी कार्डं कमी म्हणून पुढे गेला. शेवटची काही मिनिटं जपानने पोलंडविरुद्ध ०-१ मागे असताना चेंडू मागच्या मागे खेळवला, कारण तिकडे सेनेगल हरत होता. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. तक्त्यात कार्डांचा रकाना ठेवा.

पिवळं_कार्ड

माझं नाव निघालं म्हणून आलो. मी ही स्पर्धा क्रीडापानावर वाचणारच नाहीये. बातम्यांच्या पानावर वाचणार.

तिकिटांचे दर मागणीनुसार वरखाली, संघ आणि चाहते व्हँकुव्हर ते मेक्सिको सिटी विमानांनी इकडून तिकडे, आणि ड्रॉच्या समारंभात फिफाने चक्क शांतता पुरस्कार काढून तो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना दिला. फुटबॉलच्या ड्रॉमध्ये! ४८ संघ कशासाठी केले हे क्रीडापान सांगत नाही. कुणाला किती पैसे मिळतात ते अर्थपानावर शोधावं लागतं.

जादा_वेळ

झालं, आला राजकारणाचा धागा.

कट्टर_तटस्थ

राहू दे रे, बरोबर बोलतोय तो. पण पिवळं_कार्ड, ४८ नसते तर कुरासाओ आणि केप व्हर्दे एकाच वर्षी आले असते का? पैशासाठी उघडलेल्या दारातून का होईना, आले. हैती १९७४नंतर पहिल्यांदा आलाय. मला दोन्ही पानं वाचायची आहेत.

कात्रणं

हैतीवरून आठवलं. १९५०ला अमेरिकेने इंग्लंडला १-० हरवलं तो गोल करणारा ‘जो गेटजेन्स’ हा खेळाडू हैतीचाच. या सामन्याबद्दल एक गोष्ट फिरते की इंग्लिश पेपरांना तारेतली चूक वाटली आणि त्यांनी इंग्लंड १०-१ जिंकल्याचं छापलं. तो अंक आजपर्यंत कुणी दाखवलेला नाही, त्यामुळे मी ती ‘ऐकीव’ पाकिटात ठेवली आहे. खरी गोष्ट त्याहून गमतीची आहे. त्याच दिवशी, २९ जून १९५०ला, लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजने इंग्लंडला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटीत हरवलं. क्रीडापानाच्या संपादकाने त्या रात्री कुठला पराभव वर घ्यायचा? डाक_आवृत्ती, तुम्ही काय केलं असतं?

डाक_आवृत्ती

क्रिकेट वर. निःसंशय. लॉर्ड्सवर फोटोग्राफर होते, वार्ताहर होते, मजकूर दुपारीच हातात होता. बेलो होरिझोंतेहून तारेने येणार त्या चार ओळी, त्याही रात्री उशिरा. वाचकाला वाटतं की पानावरची जागा महत्त्वानुसार ठरते. निम्म्या वेळा ती काय हातात आहे आणि किती वाजले यावर ठरते.

निद्रानाश

हाच मुद्दा जादा_वेळसाठी. टीव्हीवरही कोणता सामना मुख्य वाहिनीवर हे कुणीतरी ठरवतंच ना?

जादा_वेळ

मान्य. पण निदान तो सामना मी माझ्या डोळ्यांनी बघतो.

अर्धविराम

मंडळी, धागा माझ्या बेताच्या फार पुढे गेला. मी आता बेत बदलतोय, तो असा.

पहिले दहा-बारा दिवस फक्त वाचन. सुरुवातीचा मेक्सिको वि. दक्षिण आफ्रिका तेवढा बघणार. २०१०चा पहिला सामनाही याच दोघांचा होता, तारीखही ११ जूनच, १-१ झाला होता. शिवाय अझ्टेका स्टेडियम. १९७० आणि १९८६चे अंतिम सामने तिथे झाले आणि तीन विश्वचषक पाहणारं ते पहिलंच. २४ ते २७ जून बघणं, जितकं झेपेल तितकं, आणि शेजारी गोलफरकांचा कागद.

बाद फेरीत मला उलट सुट्ट्यांत रस आहे. ८ जुलै, १२-१३ जुलै, १६-१७ जुलै, या दिवशी सामनेच नाहीत. पेपरांत खरं लिखाण याच दिवशी येतं. निकालांची घाई नसते, पान भरायचं असतं आणि वार्ताहराला पहिल्यांदाच विचार करायला वेळ मिळालेला असतो. उपांत्य सामने १४ आणि १५ला, त्याआधीचे दोन मोकळे दिवस मी आत्ताच राखून ठेवतोय.

डाक_आवृत्ती

+१. आणि १८ला तिसऱ्या क्रमांकाचा सामना आहे मायामीत, तो सगळे टाळतात. कुणालाच जिंकायची निकड नसते, त्यामुळे लिहिणारेही मोकळे लिहितात. त्याचा वृत्तांत चुकवू नका.

गुपचूप

मला कुणीच उत्तर दिलं नाही (चार तासांच्या रेकॉर्डिंगशिवाय). २४ ते २७ला एकाच वेळी दोन सामने असताना निकाल न कळता दोन्ही कसे बघायचे? एक बघताना दुसऱ्याचा स्कोअर पडद्यावर येतोच.

गोलफरक

येतोच, आणि तो यायलाच हवा. त्या चार दिवसांत दुसऱ्या मैदानावरचा गोल हा पहिल्या मैदानावरच्या खेळाचा भाग असतो. तिकडे गोल झाला की इकडचा प्रशिक्षक आघाडीपटू उतरवतो. तो स्कोअर झाकला तर बदल का केला हे कळणारच नाही. ते चार दिवस व्रत मोडा.

गुपचूप

बरं. २८पासून पुन्हा दम देतो ऑफिसात.

नवखा_११

मी केप व्हर्दे धरलं. १५ जूनचा सामना बघतो, मग स्पेनचा पेपर वाचतो की केप व्हर्देचा?

कात्रणं

जो हरेल त्याचा. आणि बरोबरी झाली तर स्पेनचाच, त्यांच्या लेखी ती हारच असेल.

गोलफरक

तक्ता तयार करून टाकलाय, बारा गट, तिसऱ्यांची यादी, कार्डांचा रकाना. ए-थ्री कागदावर छापा, ए-फोरवर आकडे दिसत नाहीत. ४९५ ओळींची सारणी वेगळी जोडली आहे. ती छापू नका, २६च्या रात्री उघडा. तोवर निम्म्याहून जास्त ओळी बाद झालेल्या असतील.

टार्टन

छापला. स्कॉटलंडच्या पुढे पेन्सिलीने चार गुण लिहून ठेवलेत.